गुलाबमास्तरांचं अरुंद दार

गुलाबमास्तरांच्या घरात दूध उतू गेलं की आमच्या मंडळीला क्रोधावर प्रवचन ऐकावं लागे. भाकर करपली की जागृत राहण्यावर. एकदा आशाबाईंच्या कानातली रिंग हरवली. त्या माउलीनं अर्धा दिवस घर झाडलं, पलंगाखाली टॉर्च मारून पाहिलं, पिठाचा डबा चाळून काढला. मास्तर तेवढा वेळ खुर्चीत बसून बायकोकडे कौतुकानं पाहत होते. शास्त्रात, म्हणजे बायबलात, नाणं हरवलेल्या बाईची गोष्ट आहे. ती त्यांच्या डोळ्यांसमोर जिवंत घडत होती. मध्येच उठून टॉर्च धरला असता तर गोष्ट बिघडली असती. शेवटी रिंग सापडली. शास्त्रातल्या बाईनं शेजारणींना आनंद करायला बोलावलं होतं. मास्तरांनी आम्हाला शिकवण ऐकायला बोलावलं, आणि चहा आशाबाईंनीच केला.

आमची ख्रिस्ती मंडळी बुलढाण्यातली, लहानशी. नाताळ सोडला तर मागचे बाक कधी भरत नाहीत. पाळकसाहेबांच्या गळ्यात आणखी दोन-तीन गावं, म्हणून ज्या रविवारी ते नसतात त्या रविवारी मास्तर उभे राहतात. शाळेतून निवृत्त झालेल्या माणसाला समोर गप्प बसलेली माणसं लागतातच. आम्ही त्यांना आयते मिळालो.

त्यात मोबाइल आला. रोज सकाळी मंडळीच्या ग्रुपवर मास्तरांचा आवाज येऊ लागला. "सलाम, प्रियजनहो. आजची घरातली शिकवण ऐका." घरात 'मले, तुले' करणारा माणूस मोबाइल तोंडापाशी आला की एकदम 'आपणांस'वर जाई. शिकवणी मलकापूर-खामगावपर्यंत फिरल्या. लोक लिहायचे, डोळ्यांत पाणी आलं. येणारच. कांदा आशाबाई चिरायच्या, पाणी मंडळीच्या डोळ्यांत यायचं आणि नाव मास्तरांचं व्हायचं.

आमच्या आणि त्यांच्या अंगणात कमरेएवढी भिंत. त्यामुळे मला प्रत्येक शिकवण दोनदा मिळे, एकदा घडताना आणि एकदा ग्रुपवर. दोन्हींचा मेळ घालून पाहायची मला खोड आहे, आणि मेळ क्वचितच बसे. घडताना जी बाई कंबर धरून कण्हत असे, तीच ग्रुपवर आनंदानं सेवा करत असे.

सगळ्या शिकवणींचा राजा म्हणजे मागचं दार.

हे दार स्वयंपाकघरातून अंगणात उघडतं. अंगणात पाण्याची टाकी, कपड्यांचा दगड आणि संडास-बाथरूम. दाराची खालची बिजागरी कधीच गेली होती. दार खाली बसलं होतं, फरशीला घासून अडकायचं आणि दोन वीत उघडून थांबायचं. आशाबाई भांड्यांचं टोपलं आधी फटीतून बाहेर सरकवायच्या, मग दार खांद्यानं उचलायच्या, पोट आत घ्यायच्या आणि तिरप्या होऊन निघायच्या. आशाबाई काही काडी नव्हेत. दिवसातून किती वेळा हे चालायचं ते त्यांचा खांदाच जाणे.

एकदा ईस्टरआधीच्या उपवासकाळात मास्तरांनी हे पाहिलं आणि त्यांना त्यात 'अरुंद दाराने आत जा' हे वचन दिसलं. पुढच्या रविवारी ते उभे राहिले. "प्रियजनहो, माझी पत्नी त्या दारातून रोज जाते. ओझं आधी खाली ठेवावं लागतं. अंग आवरावं लागतं. ताठ मानेनं त्या दारातून जाता येत नाही." बायका रडल्या. पुरुषांनी घसे साफ केले. वडनेर भोलजीच्या घरसभेत हीच शिकवण ऐकून एकानं दारू सोडली, असं मास्तर अजून सांगतात. खोटं नाही, सोडली होती. पोळ्यापर्यंत.

तेव्हापासून सुताराचं नाव काढलं की मास्तर दुखावायचे.

"अवं, त्या दारानं किती लोक प्रभूकडे वळले, माईत आहे तुले?"

"वळले असतीन," आशाबाई म्हणायच्या. "माहा खांदा वळत नाही तेवढा."

हेही मास्तरांनी ग्रुपवर घातलं. सहनशीलता, या मथळ्याखाली.

एक गोष्ट मात्र ग्रुपवर कधी आली नाही. मास्तर स्वतः त्या दारातून जात नसत. ते पुढच्या दारानं निघायचे, घराला वळसा घालायचे, बाजूच्या बोळीत नालीवरची फरशी फुटलेली आहे तिथं टुणकन उडी मारायचे आणि मोकळ्या अंगानं बाथरूमला पोचायचे. रुंद वाट नाशाकडे नेते, हेही शास्त्रात त्याच जागी सांगितलेलं आहे. तेवढी ओळ आली की मास्तर चष्मा पुसायला काढायचे.

तर उन्हाळ्याच्या तोंडी आशाबाईंची आई, शालूबाई, तिकडे साखरखेर्ड्याला ओट्यावरून पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि हातात वॉकर आला. मुलगा भागवत चांगला, सूनही चांगली, पण दोघं दिवस उगवला की मळ्यात. म्हातारी दिवसभर भिंतीशी बोलत बसायची. आशाबाईंनी फोन लावला. अंगणातच उभ्या होत्या, फोन स्पीकरवर होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"आई, तू इकडे ये. मी करीन तुहं सारं."

"येते की. पण एक सांग आशे. तुझ्याकडं न्हाणीला माझ्या पायानं जाता येईल का? संडासचं भांडं मी कोणाच्या हातात द्यायची नाही. लेकीच्याबी नाही. जाता येत असंल तर येते. नसंल तर हितंच बरी हाय."

आशाबाईंनी दाराकडे पाहिलं. मीही पाहिलं. वॉकर काही पोट आत घेत नाही. तिरपाही होत नाही. बोळीतून न्यावं तर ऐंशीच्या बाईनं नालीवर उडी मारायची. दार सरळ उघडलं तर आई येणार, नाही उघडलं तर आई साखरखेर्ड्यालाच भिंतीशी बोलणार. यात काही गूढ नव्हतं.

"तू ये," आशाबाई म्हणाल्या. "शनिवारी ये. दाराचं मी पाह्यतो."

त्या रात्री जेवताना त्यांनी विषय काढला. मास्तरांची जेवणाआधीची प्रार्थना भाकर गार होईपर्यंत चालते; ती संपायची वाट पाहून काढला. पण मास्तर वेगळ्याच आनंदात होते. विभागाच्या वार्षिक संमेलनात मोठ्या पडद्यावर दाखवायला 'घरातली शिकवण' यावर एक लहानशी फिल्म करायचं ठरलं होतं. शनिवारी सकाळी सचिव आणि कॅमेऱ्याची पोरं येणार होती. त्यांनी मुद्दाम विचारलं होतं, ते दार अजून आहे ना?

"संमेलन होऊ दे. मंग पाहू दाराचं," मास्तर म्हणाले.

"आई शनिवारी संध्याकाळी येऊन राह्यली."

"तं येऊ दे. पुढच्या खोलीत ठेवू. पंधरा-वीस दिवस भांडं वापरलं तं काय होते? माणसाले नम्रता येते त्यानं."

"तुमाले कायनं आली?"

"काय?"

"काई नाही. भाजी घ्या."

हे मला आशाबाईंनी दुसऱ्या दिवशी भिंतीशी सांगितलं, आणि सांगताना त्या हसत नव्हत्या.

गुरुवारी मास्तर वडनेर भोलजीला घरसभेला गेले. त्यांची बस स्टँडवरून हलली नसेल तोवर पुंजाजी सुतार अंगणात हजर. त्यानं दार उतरवलं, खालून-बाजूनं रंधलं, वर-खाली दोन नव्या बिजागऱ्या बसवल्या आणि दार पुन्हा चढवलं. तो गेल्यावर आशाबाईंनी मला हाक मारली.

"पाय बरं," म्हणाल्या आणि एका बोटानं दार ढकललं. ते भिंतीला जाऊन टेकलं. आवाजसुद्धा नाही. मग मी ढकललं. मग पुन्हा त्यांनी. आम्ही दोघी नातवंडं असलेल्या बाया, पण बराच वेळ नुसत्या आत-बाहेर करत होतो.

मास्तर आले, जेवले, झोपले. त्यांना दाराचा पत्ताच नाही. कसा असणार? त्यांची वाट बोळीची.

पत्ता लागला शुक्रवारी. कॅमेऱ्यापुढे कसं उभं राहायचं याची तालीम करायला त्यांनी पांढरा शर्ट चढवला आणि स्वयंपाकघरात आले. मी तेव्हा अंगणात गहू निवडत होते. आतून आवाज आला, "ज्याप्रमाणे माझी पत्नी या दाराला खांदा लावते, त्याप्रमाणे आपणही..." आणि त्यांनी खांदा लावला. चार वर्षं जे दार बायकोला जुमानलं नाही ते त्यांना एका क्षणात शरण गेलं. मास्तर थेट दगडाजवळच्या टबात, भिजत घातलेल्या चादरींवर. अरुंद दारातून इतक्या घाईनं आजवर कोणी गेलं नसेल.

"हे कोनं केलं?" टबातूनच त्यांनी विचारलं.

"पुंजाजीनं," आशाबाई म्हणाल्या.

"मले इचारलं काऊन नाही?"

"चार वर्षं इचारूनच राह्यली होती. शर्ट काढा, चादरीचा रंग लागते."

मास्तरांनी शर्ट बदलला आणि तडक पुंजाजीचं दुकान गाठलं. तिथं काय झालं ते पुंजाजीनंच नंतर साऱ्या बाजार लाइनला सांगितलं, मला वेगळं विचारावं लागलं नाही.

"मास्तर म्हने, दार होतं तसं करून दे. म्या म्हटलं, म्हन्जे कसं? म्हने, अडकलं पायजे. म्या म्हटलं, मास्तर, दार नीट झालं नाही म्हनून भांडाले रोज कोनी ना कोनी येते. नीट झालं म्हनून आलेले तुमी पयलेच. तं म्हने, धर्माचं काम आहे. आता धर्माच्या कामाले नाही कसं म्हना लागते?"

त्या संध्याकाळी आमची बायकांची प्रार्थनासभा होती. आम्ही दोघी तिथं डोळे मिटून बसलो होतो, तेव्हा इकडे पुंजाजीनं बाहेरच्या बाजूनं, दाराच्या खाली, सागवानाची पाचर ठोकून दिली. अंदाज अचूक: दोन वीत, पहिल्यासारखं. "उद्या दुपारी काढून टाका," असं सांगून तो गेला. शिकवण खरी राहावी म्हणून दार खोटं करावं लागलं, पण हे मास्तरांना टोचलं असेल असं वाटत नाही. सासू संध्याकाळी येणार, पाचर दुपारी निघणार. त्यांच्या मते कोणाचंच काही बिघडत नव्हतं.

शनिवारी पहाटे आशाबाईंनी दार लोटलं आणि ते दोन वीत उघडून थांबलं.

"हे कसं काय?"

"लाकूड आहे, फुगते," मास्तर वर्तमानपत्रामागून म्हणाले.

"चैतात?"

"हवा बदलून राह्यली आजकाल."

आशाबाईंनी पुंजाजीला फोन लावला. तो काही उचलेना. कसा उचलेल? मग सचिव आले, दोन पोरं आली, कॅमेरा उभा राहिला, चहा-पोह्यांची धांदल उडाली आणि बाईला वाकून फरशीजवळ पाहायलाही उसंत मिळाली नाही. मास्तरांनी तिला टोपलं घेऊन दारातून जायला लावलं, नेहमीसारखं. एकदा गेली. उजेड बरोबर नव्हता म्हणून परत आत येऊन पुन्हा गेली. सचिव म्हणाले, "ताई, चेहऱ्यावर जरा समाधान दिसू द्या." मी भिंतीशी उभी होते. समाधान काही मला दिसलं नाही, कॅमेऱ्याला दिसलं असेल तर कोण जाणे.

तिसऱ्यांदा जायची तयारी चालली होती तेव्हा पुढच्या दारात गाडीचा हॉर्न वाजला. ऊन चढायच्या आत पोचावं म्हणून भागवत आईला घेऊन अंधारातच निघाला होता. संध्याकाळी येणारी म्हातारी सकाळीच आली. टक, टक, टक करत वॉकर पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरात आला.

"आशे, न्हाणी कुठाय गं? रस्त्यानं पार हलवून काढलं मला."

मास्तरांनी हात वर केला. "सासूबाई, दोन मिनिटं थांबावं. चित्रण सुरू आहे."

"असू द्या की. तुमचं चित्रण तुमी करा. माझ्यानं दोन मिनिटं थांबवत नाही जावाई, वय झालंय."

आशाबाईंनी दाराला खांदा दिला. दार हललं नाही. पुन्हा दिला. इकडे मास्तर हळूच पुढच्या दारानं सटकले. बोळीतून उडी मारून ते अंगणात आलेले मी पाहिले. ते दारापाशी उकिडवे बसले आणि खाली काहीतरी दोन्ही हातांनी ओढू लागले. पुंजाजीनं धर्माचं काम मनापासून केलं होतं. पाचर तसूभर हलेना. मग त्यांनी एक दगड घेऊन बाजूनं ठोकायला सुरुवात केली.

आतून आशाबाईंनी फटीतून मान बाहेर काढली आणि खाली पाहिलं.

"काय आहे ते?"

"पाचर," मास्तर म्हणाले. वर पाहिलं नाही.

"कोनं ठोकली?"

मास्तर दगड ठोकत राहिले.

आशाबाई आत गेल्या. मला वाटलं, आता रडतील. त्या वरवंटा घेऊन आल्या. शेवटच्या वेळी पोट आत घेतलं, तिरप्या झाल्या, बाहेर आल्या आणि नवऱ्याच्या डोक्यावरून बिजागरीच्या खिळीला खालून वरवंट्याचा ठोका घातला. मी भिंतीवरून पाय टाकला आणि दार धरलं. आतून भागवतनं धरलं. कॅमेऱ्याची पोरं कॅमेरा बंद करायचं विसरली असावीत, किंवा नसावीतही.

"शास्त्रात त्या लुळ्या मानसाले घरात प्रभूपाशी नेता येईना," आशाबाई ठोके घालता घालता म्हणत होत्या, आवाज न चढवता, भांडी घासताना बोलावं तसं. "तं चौघायनं लोकाच्या घराचं छप्पर काढलं. घरमालक खाली पाचर धरून बसला होता, असं मी तरी कुठं आयकलं नाही."

वरची खीळ निघाली, मग खालची. आम्ही दार उचलून भिंतीला टेकवलं. भार गेल्याबरोबर पाचर आपोआप सुटली आणि मास्तरांच्या हातात आली. ते ती घेऊन तसेच उकिडवे बसले होते, कारण उठले तर जायचं कुठं हा प्रश्न होता; दारात सासू उभी होती.

"सरका जावाई," शालूबाई म्हणाल्या.

मास्तर सरकले. टक, टक करत वॉकर उंबरठ्यावरून उतरला, मास्तरांच्या बाजूनं गेला आणि बाथरूमपर्यंत पोचला. दार लावायच्या आधी म्हातारीनं मागे वळून त्या उघड्या चौकटीकडे पाहिलं.

"चांगलं मोकळं हाय की गं," लेकीला म्हणाली. "मी आपली उगंच घाबरत होते."

सचिवांनी पोहे खाल्ले, पोह्यांची स्तुती केली आणि दुसऱ्या कुठल्या तरी शिकवणीवर फिल्म करता येईल असं म्हणत काढता पाय घेतला. भागवत संध्याकाळच्या आत परत गेला. आई राहिली.

आता मला वाटलं होतं, मास्तर काही दिवस गप्प बसतील. माणूस ओळखण्यात माझी चूक सहसा होत नाही, पण इथं झाली. सोमवारी सकाळी ग्रुपवर आवाज आला.

"सलाम, प्रियजनहो. आजची घरातली शिकवण. कधी कधी प्रभू आपल्याला सांगतो, की जे दार दुर्बळाच्या आड येतं ते काढून टाक. मी, प्रियजनहो, परवा माझ्या स्वतःच्या घराचं दार काढलं..."

मी चहाचा कप खाली ठेवला. पुढे ऐकते तो मास्तरांच्या आवाजामागून टक, टक.

"आशे, जावाई कोणाशी बोलायलेत?"

"ग्रुपसंगं."

"दार कोणी काढलं म्हणायलेत?"

आशाबाई म्हणाल्या, "त्यायनं."

"बरं. मग म्हणावं, तेवढं केलंच हाय तर बादली भरून ठेवा. मी निघाले."

मग खुर्ची सरकली आणि मास्तरांचा आवाज लांबून आला, घरातला, 'आपणांस'शिवायचा. "हाव. भरतो."

पुढे बराच वेळ नुसतं पाणी पडत होतं. पत्र्याच्या बादलीत पडताना आधी मोठा आवाज, मग भरत आल्यावरचा तो जाड आवाज. मोबाइल खुर्चीपाशी तसाच चालू राहिला असणार. परत आल्यावर मास्तरांनी नेहमीप्रमाणे तो पाठवून दिला. आपली शिकवण आपण ऐकायची त्यांना कधीच सवय नव्हती.

दुपारपर्यंत ती मलकापूर-खामगावला पोचली होती. कोणी तरी लिहिलं, डोळ्यांत पाणी आलं.

मी खोडीप्रमाणे उठले आणि मेळ घालायला भिंतीवरून वाकून पाहिलं. चौकट उघडी होती. बाथरूमच्या दाराशी बादली होती, काठोकाठ भरलेली.